साडूंची जीभ

हे लिहायचं मी सहा वर्षं टाळलं. कधी चष्म्याचा नंबर बदलला म्हणून, कधी नात्यातली माणसं वाचतील म्हणून, आणि खरं सांगायचं तर लिहायला बसलं की पहिल्या दोन ओळींतच साडूंचं कौतुक करावं लागेल म्हणून. आता मी एक्क्याऐंशीचा आहे. कौतुक करून टाकतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याइतका, म्हणजे माझ्या साडूंइतका, नशीबवान माणूस मुळशी तालुक्यात दुसरा झाला नाही. हे मी अशा माणसाबद्दल म्हणतोय, ज्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, ज्याला शेवटची पाच वर्षं वाटीने मोजून दही मिळालं, आणि जो माझ्याआधी गेला. तरीही मला त्यांचा हेवा वाटायचा. आजही थोडा वाटतो.

हेव्याची सुरुवात सासूबाईंपासून झाली. मी पदवीधर, सरकारी कचेरीत कायम नोकरी, पुण्यात बिऱ्हाड. साडू नववी नापास, मुठा गावी भातशेती आणि पाच म्हशी. कुठल्याही सरळ हिशेबाने वरचा जावई मी. पण धोंड्याच्या महिन्यात सासूबाई दोघांनाही एकाच दिवशी जेवायला बोलवायच्या, आणि पंगतीत सगळं उघड व्हायचं. माझ्या पुरणाच्या धोंड्यावर तूप वाढताना त्यांच्या हाताला कंप सुटायचा; साडूंच्या ताटाशी आल्या की तोच हात घागर उपडी केल्यासारखा वाहायचा. तक्रार करायचीही सोय नव्हती, कारण ते तूप साडूंनीच आणलेलं असायचं. ते दारात दिसले की माझी बायको "दाजी आले!" म्हणून असं ओरडायची, की मी आलो तेव्हा ती नुसतं "आलात का" म्हणाली होती हे मला आयुष्यभर आठवत राहिलं. त्यांच्या म्हशीसुद्धा पक्षपाती होत्या. एकदा हौसेने मी धार काढायला बसलो, तर म्हशीने मान वळवून मला नीट पाहून घेतलं आणि पान्हा चोरला. साडू म्हणाले, "असूं द्या पावणं, कागदाच्या वासाला बुजली आसंल." सगळं घर हसलं. मीही हसलो, म्हणजे तोंड तसं केलं.

दुधाच्या बाबतीत त्यांचं नाक म्हणजे एक स्वतंत्र खातं होतं. चहाचा कप तोंडाशी नेण्याआधीच दूध कुणाच्या गोठ्यातलं, सकाळचं की रात्रीचं, पाणी विहिरीचं घातलंय की नळाचं, हे ते सांगायचे. कासारसाईच्या एका लग्नात त्यांनी बासुंदीची वाटी नाकाशी धरली आणि आचाऱ्याला बोलावून घेतलं. "ह्यात दोन घरचं दूध हाय. आन् त्यातली येक म्हस दोन म्हैन्यात विणार हाय." आचारी चिडला. मग चौकशी झाली, आणि ते खरं निघालं म्हणतात. मी त्या लग्नाला होतो. चौकशी झालेली मी पाहिली नाही. पण वधूवरांना सोडून अर्धा मांडव साडूंभोवती गोळा झालेला मी पाहिला. आहेर घेऊन मी रांगेत एकटाच उभा होतो.

चीज त्यांच्या आयुष्यात आलं ते मुठ्यातल्या एका बंगल्यामुळे. पुण्याच्या एक निवृत्त बाई तिथे अर्धं वर्ष राहायच्या आणि अर्धं वर्ष परदेशी मुलाकडे. साडू त्यांना दूध घालायचे. एवढं दूध ही एकटी बाई करते काय, म्हणून एकदा ते स्वयंपाकघरात डोकावले, तर बाई मोठ्या पातेल्यात दूध कसलेसे थेंब घालून दह्यासारखं गोठवून त्याच्या वड्या पाडत होत्या. "हे पनीरच की," साडू म्हणाले. बाईंनी कपाटातून सहा महिने मुरवलेला तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. साडू त्या दिवशी घरी आले ते जेवलेच नाहीत. तोंडातली चव जाऊ नये म्हणून संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा प्याले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात गोठ्यामागच्या दगडी खोलीतली भाताची पोती बाहेर निघाली आणि तिथे फळ्या लागल्या. बाईंकडून दूध गोठवायच्या थेंबांची बाटली आली. बांबूच्या दुरडीत फडकं घालून त्यात ते चोथा भरायचे, वर दाबायला जात्याची तळी ठेवायचे, आणि तयार झालेल्या गोल गड्ड्याला चीज न म्हणता ढेप म्हणायचे, गुळाची असते तशी. रोज अंघोळ झाली की ओल्या पंचानेच त्या खोलीत जाऊन एकेक ढेप मिठाच्या पाण्याने पुसायची आणि उलटी करायची. थोरल्या मेहुणीबाईंना, म्हणजे आमच्या अक्कांना, तो वास सहन व्हायचा नाही. "देव्हारा हिकडं हाय," त्या पदर नाकाला लावून ओरडायच्या, "आन् ह्यांची पूजा तिकडं चाललीया, पायमोज्यांची!"

पहिल्या ढेपा अजून मुरत होत्या तेवढ्यात साडूंचे पाय सुजायला लागले. तपासण्या झाल्या आणि किडनीचा आजार निघाला. पुण्याच्या दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या मुलीने कागदावर लिहून दिलं: चीज, पनीर, खवा, खरवस बंद, दूध अर्धा कप, दही एक लहान वाटी, मीठ बेताने. मी सोबत होतो. साडूंनी विचारलं, "पर ताई, दुधानं मानसाचं काय वाईट केलंय?" तिने समजावलं की त्यात फॉस्फरस असतो, तो किडनीला बाहेर टाकता येत नाही, साठत जातो, चिजात तर तो जास्त, शिवाय मीठ. "फॉस्परस म्हंजी काडेपेटीला लावत्यात त्यो?" ती हसून म्हणाली, "त्याच जातीचा, काका." साडू माझ्याकडे वळले. "बगा पावणं. सत्तर वर्सं मी दूध म्हनून काड्या गिळतोया." पुढे अंगाला खाज सुटली की ते एवढंच म्हणायचे, "पेटली काडेपेटी."

आता दुसरा कोणी असता तर चोरून खाल्लं असतं. त्या मुलीनेच म्हटलं होतं की कधीतरी नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवलात तर आभाळ कोसळणार नाही. साडूंनी तेही नाकारलं. "मी कसा हाय ते मला म्हाईत हाय, ताई. तुमी नख म्हनाल, मी नख वाढवीन." घरी येऊन त्यांनी देवापुढे सुपारी ठेवून नेम धरला: चीज तोंडाला लावायचं नाही. दह्यासाठी लेकीच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली, अंगठ्याएवढी. ती वाटी ते अर्धा तास खायचे, बोटाने, काठापासून मध्याकडे, जमीन नांगरावी तसे. अक्का म्हणायच्या, "घरातली भांडी घासून पालथी पडत्यात, तरी ह्यांचं दही सरत न्हाई." गावातली माणसं ते पाहायला यायची. समाचाराला येणाऱ्यांची तर रीघ लागली होती. मला त्याच सुमारास पित्ताचा त्रास होता. माझी चौकशी फक्त औषधाच्या दुकानदाराने केली, तीही सुट्टे नव्हते म्हणून.

आणि नेम धरल्यावरही साडू चीज करतच राहिले. लोकांनी विचारलं, स्वतः खायचं नाही तर करता कशाला? ते म्हणायचे, "गवंडी काय बांदलेल्या समद्या घरात ऱ्हायला जातोय?" पण ढेप कशी उतरली हे कळायला जीभ लागते. अक्का त्या खोलीत पाऊल ठेवायच्या नाहीत, बंगल्यातल्या बाई परदेशी गेलेल्या. एक दिवस साडूंचा मला फोन आला. मी तोवर निवृत्त होऊन पिरंगुटला फ्लॅट घेतला होता. मी एसटीने मुठ्याला गेलो. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, तुकडा हातात दिला आणि म्हणाले, "आजपास्नं माजी जीभ तुमी."

मी विचारलं, "मीच का? अख्खं गाव तुमच्यावर जीव टाकतं."

"म्हनूनच," ते म्हणाले. "गावाला चुना चारला तरी गाव म्हनंल लई ग्वाड झालाय. तुमचं तसं न्हाई. राग नका मानू पावणं, पर मी तुमच्या डोळ्यात जरा सलतोय, लग्नापास्नं. तुमी माजं कवतिक फुकट करनार न्हाई. तुमी चांगलं म्हनला, म्हंजी ते चांगलंच."

मला वाटत होतं, पन्नास वर्षं मी हे फार छान लपवलंय. पण त्यांनी ते केव्हाच ओळखलं होतं, आणि वर त्याचा उपयोगही शोधून काढला होता.

नंतरची दोन वर्षं मी त्यांची जीभ होतो, आणि हे कबूल करायला मला लाज वाटत नाही की ती माझी सुखाची वर्षं होती. ढेप कापायची झाली की निरोप यायचा. साडू माझ्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसायचे आणि माझ्या जबड्याकडे पाहायचे. "डोळं मिटा. घाई नगं. पयलं काय आलं?" मी म्हणायचो, मीठ. "मंग?" आंबट. "दह्यावानी का कैरीवानी?" ताकासारखं. "दाताला चिकटतंय का? गिळल्यावर घशात काय ऱ्हायलं?" मी चावायचो तेव्हा तेही रिकामंच चावायचे, मी गिळलं की त्यांच्या गळ्याची घाटी हलायची. पहिली ढेप खाऊन मी सांगितलं, "सायकलची ट्यूब." त्यांनी टाळी दिली. "ह्यो मानूस खरा! दुसरा आसता तर बरंय म्हनून गिळला आसता." मग माझ्या शब्दावरून ते मीठ कमी करायचे, दूध कोमट ठेवायचे, तळीवर आणखी एक धोंडा चढवायचे. सासुरवाडीकडच्या कुणाला माझ्या मताची गरज पडावी, हे माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. चौथी ढेप मी "बरी" म्हणालो, तेव्हा त्यांनी अक्कांना हाक मारली, "आगं, पावणं बरी म्हनत्यात!" बक्षीस लागल्यासारखे ते अंगणात फिरले.

मग माझी पंचाहत्तरी आली. पिरंगुटला एक लहानसा हॉल घेतला होता. पंचाहत्तर दिव्यांचं औक्षण, माझ्या कचेरीतले दोन सहकारी बोलणार, आणि शेवटी मी बोलणार, चार पानं. आठ दिवस आधी बायको म्हणाली, "दाजींची ती अकरा महिन्यांची ढेप आहे ना, ती ते तुमच्यासाठी कापणार आहेत. मधल्या टेबलावर ठेवू. केक बाजूला ठेवता येईल." तिच्या डोळ्यांत जी चमक होती ती माझ्या वाढदिवसाची नव्हती. मला तो हॉल दिसायला लागला. सगळे ढेपेभोवती, साडू मध्ये उभे राहून सांगतायत की स्वतः चाखलं नाही, नेम आहे, आणि बायका डोळे पुसतायत. मी दिव्यांच्या ताटासमोर पाटावर बसलेलो, कासारसाईच्या लग्नातल्यासारखा.

दोन दिवस आधी चव घ्यायला मी मुठ्याला गेलो. दिवसाउजेडी, ओट्यावरच, नेहमीसारखं गुडघ्याला गुडघा लावून. साडूंनी ढेप कापली. त्यांनी तुकडा दिला. मी तोंडात घातला. डोळे मिटायला त्या दिवशी त्यांना सांगावं लागलं नाही, ते आपोआप मिटले. असं काही मी त्याआधी खाल्लं नव्हतं, नंतरही नाही.

"पयलं काय आलं?"

मी डोळे उघडले. ते पुढे झुकले होते.

"कडू," मी म्हणालो.

"कडू?"

"हो. मागून कडवट येतंय. साबणासारखं. नासलीय."

त्यांनी तुकडा उचलून नाकाशी धरला. बराच वेळ धरला. "वासाला तर ग्वाड हाय," ते हळूच म्हणाले. तालुक्यात ज्या नाकाला तोड नव्हती ते नाक आता मला पकडणार, असं वाटलं. तुकडा त्यांनी ओठांपर्यंत नेला. एक कण जिभेला लागला असता, तर माझं पितळ उघडं पडलं असतं आणि सगळं निस्तरलं असतं. आता मी मनापासून सांगतो, त्या क्षणी मला तेच हवं होतं. पण त्यांनी हात खाली घेतला. "नेम म्हंजी नेम. आन् नाकाला काय कळतंय? जीभ सांगती ते खरं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी सांगितलं ते बरं केलं पावणं. भरल्या मांडवात शोभा झाली आसती."

ढेप त्यांनी उकिरड्यात टाकली नाही. दुधाची वस्तू, लक्ष्मी आहे, म्हणाले. बांधावर खड्डा खणून पुरली. दोनदा दम लागून खाली बसले. मी कुदळ मागितली, तर म्हणाले, "कापडं मळतील तुमची." मळू नयेत म्हणून मी उभा राहिलो.

पंचाहत्तरीला ते तुपाचा डबा घेऊन आले. कुणीतरी ढेपेचं विचारलंच. "नासली," ते हसून म्हणाले, "आकरा म्हैनं पोसली आन् कडू निगाली. पावण्यांनी वाचवलं." मग काय, सगळा हॉल त्यांच्याभोवती जमला, त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला. माझी बायको तर रडलीच. मी चार पानं वाचली. ऐकलं कुणी असेल तर मला माहीत नाही. पंचाहत्तरी त्यांचीच झाली.

मला वाटलं होतं, ते पुढची ढेप घालतील आणि मी तिची दुप्पट स्तुती करून फेड करीन. पण त्यांनी पुन्हा दूध गोठवलं नाही. दगडी खोलीत भाताची पोती परत गेली. बंगल्यातल्या बाई आल्यावर विचारायला गेल्या, तेव्हा म्हणाले, "आपल्या हाताला ते न्हाई बाई." सकाळी अंघोळ झाल्यावर कुठे जायचं हे त्यांना कळेनासं झालं, असं अक्का सांगायच्या, पंचा नेसून अंगणात नुसते उभे राहायचे. त्यांच्या किडन्या माझ्या खोटेपणाने गेल्या नाहीत, हे मला कळतं. त्या जाणारच होत्या. पण त्यांच्या सगळ्या सकाळी मी हिरावून घेतल्या.

वर्षभराने डायलिसिस लागलं. म्हशी विकल्या. लेक आयटीत, तिचा फ्लॅट जांब्याला, म्हणून दोघं तिच्याकडे गेली. मी भेटायला गेलो तेव्हा साडू चौथ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्चीवर बसले होते. अंग निम्मं झालं होतं, नाक तेवढं शाबूत. "खालच्या मजल्यावर दूध उतू गेलंय," मला म्हणाले. "पिशवीतलं. जाऊं द्या." मग जवळ बोलावून हसले. "गंमत ऐका. आता ती आहारवाली पोरगी म्हनती, डायलिसिसनं प्रोटीन जातंय, तवा आळणी पनीर थोडं थोडं खा. काल लेकीनं वाटीभर दिलं. पर जिभंला चवच न्हाई. समदं कडू लागतंय, पावणं. आजारानं व्हतं म्हनं तसं." त्यांनी माझा हात धरला. "तवा कळलं मला, तुमाला त्या दिवशी कसं झालं आसंल. मी येवढा तुकडा दिलावता, आन् तुमी तो थुकला न्हाई. गिळलात. माज्यासाटी."

मी बोलणार होतो. तेवढ्यासाठीच गेलो होतो. तोंड उघडलंही. तेवढ्यात लेक चहा घेऊन आली, आणि माझ्या चहात दूध जास्त घाल म्हणून साडूंनी तिला सांगितलं. मी चहा प्यालो, जपा म्हणालो आणि लिफ्टने खाली आलो. दोन महिन्यांनी ते गेले. दहाव्याला अक्कांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "पावण्यांवर लई भरवसा व्हता त्यांचा." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखाने.

जांब्याला जाताना बसमध्ये मी जे पाठ केलं होतं, ते मला अजून शब्दन् शब्द येतं. ते असं होतं: साडूभाऊ, मी खोटं बोललो. ढेप कडू नव्हती. पहिल्यांदा मीठ आलं, अगदी बेताचं. मग भाजलेल्या शेंगदाण्यांसारखं काहीतरी. आंबट होतं, पण गोड ताकाइतकंच. दाताला चिकटलं नाही. मग गोड आलं, आटवलेल्या दुधाची खरवड भगुन्याच्या बुडाशी लागते ना, ते गोड. गिळल्यावर घशात बराच वेळ राहिलं. एसटीत बसलो तरी होतं, पिरंगुटला उतरलो तरी होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा हे सगळं माझ्या तोंडात होतं आणि मी ते सांगितलं नाही. मला माफ करा.